‘सी फेसिंग’ खोलीतली एक रात्र

श्रीवर्धन तालुक्यातल्या एका गावातली ती खोली पुण्याच्या कुटुंबाने फोटो पाहून ठरवली होती. नवरा-बायको, शाळेत जाणारी दोन मुलं आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी. फोटोत पांढऱ्या चादरीचा पलंग होता, त्यामागे काचेचं दार आणि दारापलीकडे निळाशार समुद्र. डिसेंबरातल्या शनिवारचा दर साडेपाच हजार. निम्मी रक्कम मोबाइलवरून आगाऊ पाठवायची, ती परत मिळणार नाही, आणि खोलीचा ताबा दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशी सकाळी दहा. म्हणजे भाडं पूर्ण दिवसाचं आणि मुक्काम बावीस तासांचा. कोकणच्या किनाऱ्यावर ही वेळ इतकी सर्रास झाली आहे की तिच्याबद्दल कोणी विचारतही नाही.

ताम्हिणी उतरून, माणगाव-म्हसळा करत मंडळी साडेअकराला पोचली. खोली साफ व्हायची होती. ती एक वाजता मिळाली. गॅलरीत गेल्यावर समोर शेजारच्या इमारतीची सिंटेक्सची टाकी दिसली. डाव्या कोपऱ्यात कठड्याला रेलून उभं राहिलं की टाकी आणि सुरूचं झाड यांच्यामधून समुद्राची एक पट्टी दिसत होती. फोटो खोटा नव्हता, तो गच्चीवरून काढलेला होता. काचेचं दार वेगळ्या खोलीचं होतं.

जेवून तीनच्या सुमाराला सगळे किनाऱ्यावर गेले, तर वाळूच नव्हती. पाणी थेट दगडी बंधाऱ्याला लागलं होतं. मुलांनी आणलेल्या बादल्या आणि फावडी तशीच पिशवीत राहिली. परत आल्यावर काउंटरवरच्या मुलाला विचारलं, “भरती कधी ओसरते हो?” त्याला माहीत नव्हतं. तो दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या राज्यातून कामाला आला होता आणि त्याला कोणी हे सांगितलेलं नव्हतं.

खरं तर याचं उत्तर किनाऱ्यावरच्या कोणत्याही जुन्या घरात तोंडपाठ असतं. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि त्या दिवसांत उधाणही मोठं. त्यापुढे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. त्या शनिवारी चतुर्थी होती. साडेपाचला तिथे ओल्या वाळूचा पट्टा उघडा पडणार होता आणि सूर्यास्त सहाच्या पुढे होता. एवढं एक वाक्य कोणी सांगितलं असतं, तर मुलांची संध्याकाळ साधली असती. ती त्यांनी खोलीत टीव्हीसमोर काढली.

संध्याकाळी अंघोळीला साबणाचा फेस येईना. चूळ भरताना आजींना चव कळली. “पाणी खारट का लागतंय हो?” त्यांनी विचारलं. मॅनेजर म्हणाला, “बोअरचं आहे आजी, प्यायचं वेगळं येतं.” प्यायचं वेगळं म्हणजे बाटलीचं, आणि ते बिलात. नऊ वाजता वीज गेली. जनरेटर सुरू झाला, पण त्याच्यावर दिवे आणि पंखेच चालतात, एसी नाही, हे तेव्हा कळलं. जेवणात माशाचं ताट मागवलं, तर सुरमईच्या तुकडीला बर्फात राहून राहून भुसभुशीतपणा आला होता. आजींना मऊ भात हवा होता. स्वयंपाकघर दहाला बंद झालं होतं. लॉनवर एका कंपनीचा गट उतरला होता आणि त्यांचा स्पीकर साडेबारापर्यंत वाजत राहिला. दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे, पण फोन करायचा कोणाला? सकाळी नाश्त्याला गार पोहे, तेही नऊपर्यंतच. बिलात जादा गादीचे सातशे रुपये होते आणि ते बिल वहीतल्या कागदावर लिहिलेलं होतं.

यात कोणाला इजा झाली नाही. कोणी आजारी पडलं नाही, कोणाचं काही चोरीला गेलं नाही. म्हणूनच अशी रात्र कुठे नोंदली जात नाही. गाडीत बसल्यावर “जाऊ दे” म्हटलं जातं आणि विषय संपतो. पण वर्षाकाठी दोन-तीन दिवसांची मोकळीक मिळणाऱ्या घराचे बारा-पंधरा हजार रुपये आणि त्याहून मोलाची सुट्टी त्यात गेलेली असते. या तक्रारी किरकोळ मानायला प्रस्तुत लेख तयार नाही, कारण त्यातली प्रत्येक अडचण वेगळ्या कारणातून येते आणि जवळजवळ प्रत्येक कारण दुरुस्त करण्याजोगं आहे.

सुरुवात पाण्यापासून करायला हवी, कारण ती किनाऱ्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. समुद्रालगतच्या जमिनीखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्क्यांनी जड असतं, त्यामुळे ते खाली राहतं. डच आणि जर्मन अभियंत्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याचा हिशोब मांडून ठेवला आहे: भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या एक मीटर वर असेल, तर खाली सुमारे ४० मीटर गोड्या पाण्याचा थर टिकतो. हाच हिशोब उलटा वाचला की धोका कळतो. उपशाने वरची पातळी एक मीटरने उतरली, तर खालून खारं पाणी चाळीस मीटर वर सरकू पाहतं.

कोकणातल्या वाड्या शतकानुशतकं याच नाजूक थरावर जगल्या. विहिरी उथळ होत्या. रहाटाने वरवरचं पाणी काढायचं, पाटाने नारळ-सुपारीला शिपणं द्यायचं आणि त्यातलं बरंचसं पुन्हा त्याच जमिनीत मुरायचं. आता त्याच वाडीच्या अर्ध्या तुकड्यावर बारा खोल्या उभ्या राहतात. प्रत्येक खोलीला शॉवर, शिवाय लॉन, शिवाय पोहण्याचा तलाव. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल तलावात साठ हजार लिटरहून जास्त पाणी मावतं. हे सगळं बोअरमधून, सबमर्सिबल पंपाने, शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत एकदम उपसलं जातं. पाऊस इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो खरा, पण तो जून ते सप्टेंबरात. जांभा सच्छिद्र, उतार तीव्र, समुद्र जवळ. पाणी थांबत नाही. एकदा बोअर खारट झालं की ते सहजासहजी गोडं होत नाही, आणि ज्याने उपसा केला त्याच्या बोअरसोबत शेजारच्या वाडीची विहीरही जाते. आजींना लागलेली खारट चव ही त्या खोलीपुरती तक्रार नव्हती. गावाचं पाणी बिघडल्याची ती खूण होती. गच्चीवरचं पावसाचं पाणी टाकीत साठवणं किंवा विहिरीत सोडणं, अंघोळीचं पाणी झाडांना देणं, तलावाचा हट्ट सोडणं, हे सगळं करता येतं. समुद्रापासून पाच मिनिटांवर पोहण्याचा तलाव कशाला हवा, हा प्रश्न मात्र पाहुण्यांनाही विचारायला हवा, कारण फोन केल्यावर पहिला प्रश्न बहुतेक जण तलावाचाच विचारतात.

विजेचं कारणही त्याच शनिवारात आहे. गावाचा ट्रान्सफॉर्मर दिवे, पंखे आणि शेतीपंप एवढ्यासाठी बसवलेला. एकाच रात्री शेकडो एसी सुरू झाले की व्होल्टेज पडतं किंवा फ्यूज जातो. खाऱ्या हवेने तारा, जोड आणि एसीच्या बाहेरच्या पेटीतल्या धातूच्या पट्ट्या लवकर गंजतात. घाटावर दहा वर्षं चालणारं यंत्र इथे त्याच्या निम्म्यातही कुरकुरायला लागतं. देखभालीचा खर्च म्हणून इथे जास्त धरायला हवा. तो बहुतेक ठिकाणी धरलेलाच नसतो.

तो का धरलेला नसतो, हे समजायला पैशाकडे वळावं लागतं. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत शनिवार-रविवार साधारण पस्तीस. धंद्याच्या खात्रीच्या रात्री त्याच. त्यात दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याची सुट्टी मिळवली, तरी वर्षातल्या निम्म्याहून कितीतरी अधिक रात्री खोल्या रिकाम्या असतात. मंगळवारी दीड-दोन हजारांना मिळणारी खोली शनिवारी साडेपाच हजारांना जाते ती यामुळे. कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने. अनेक जागा मालकाने स्वतः न चालवता वर्षा-दोन वर्षांच्या कराराने दुसऱ्याला चालवायला दिलेल्या असतात. चालवणाऱ्याला त्या मुदतीत भाडं वसूल करून काही उरवायचं असतं. तो गळका नळ बदलत नाही, कारण नळ मालकाचा. मालक बदलत नाही, कारण तो मुंबईत. कामगार हंगामापुरते येतात आणि भरती-ओहोटी कळायच्या आत निघून जातात.

याच्यामागे एक मोठं दुःखही आहे, ते नजरेआड करून चालणार नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच पट्ट्यात जमिनीवर आलं. ताशी शंभर किलोमीटरहून जोरदार वाऱ्याने श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोलीतल्या नारळ-सुपारीच्या वाड्या झोपवल्या. घरांची कौलं आणि पत्रे उडाले, विजेचे खांब कोसळले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. सुपारीचं रोप लावल्यापासून उत्पन्न यायला सहा-सात वर्षं लागतात, नारळालाही तेवढीच. ज्याची पिढीजात बाग एका दुपारी आडवी झाली, त्याने तेवढी वर्षं खायचं काय? खोल्या बांधून भाड्याने देणं हा त्यातल्या काहींसाठी जगण्याचा मार्ग होता. त्यांना दोष देता येत नाही. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ याच किनाऱ्याला घासून गेलं.

पर्यटन एका गोष्टीवर उभं राहतं आणि त्याच गोष्टीने ढासळतं, याचा अनुभव या तालुक्याला आधीही आला आहे. दिवेआगरला नोव्हेंबर १९९७ मध्ये एका बागेत सोन्याच्या गणपतीचा मुखवटा सापडला आणि गावात भाविकांची रीघ लागली. घराघरांत खानावळी निघाल्या, उकडीच्या मोदकांना आधी सांगून ठेवावं लागू लागलं. २४ मार्च २०१२ च्या पहाटे मंदिरावर दरोडा पडला. दोन पहारेकरी मारले गेले, मुखवटा चोरीला गेला आणि गर्दी ओसरली. तपासात हाती लागलेल्या सोन्यातून पुन्हा घडवलेला मुखवटा २०२१ च्या अखेरीस गावात परतला. मधल्या वर्षांत तिथे टिकून राहिल्या त्या घरगुती खानावळी आणि राहत्या घराला जोडलेल्या दोन-चार खोल्या. मालक तिथेच राहत होता, भात त्याच्याच चुलीवर शिजत होता.

दर्जा तपासणारं कोणी आहे का? केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची तारांकित वर्गवारी आहे, पण ती ऐच्छिक. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ पासून आहे, घरगुती निवासाची नोंदणी करण्याची सरकारी योजना आहे. मात्र फाटकावर ‘रिसॉर्ट’ अशी पाटी लावायला यातलं काहीच लागत नाही. किनाऱ्यांचंही असंच. स्वच्छता, पाण्याची शुद्धता आणि सुरक्षितता तपासून दिल्या जाणाऱ्या ‘ब्लू फ्लॅग’ मानांकनात ऑक्टोबर २०२० मध्ये देशातले पहिले आठ किनारे आले, त्यात महाराष्ट्राचा एकही नव्हता. २०२५ मध्ये राज्यातल्या पाच किनाऱ्यांना हा झेंडा मिळाला, त्यात श्रीवर्धन, नागाव, गुहागर आणि लाडघर आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण ते मानांकन वाळूचं आणि पाण्याचं. वाळूलगतच्या खोलीत नळाला काय येतं, ते तपासत नाही.

किनारा नियमन क्षेत्राचे नियम १९९१ पासून आहेत, २०११ आणि २०१९ मध्ये ते बदलले. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम नको, असा मूळ रोख होता. २०१९ मध्ये दाट वस्तीच्या गावांसाठी, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त लोक राहतात तिथे, हे अंतर ५० मीटरवर आलं. कोकणातल्या विरळ वस्तीच्या गावांना २०० मीटरच लागू राहतात. पाहुण्याला मात्र समुद्राला टेकलेलीच खोली हवी असते. या ओढाताणीत अनेक बांधकामं अर्धवट परवानगीची किंवा बिनपरवानगीची राहतात. मग नोंदणी नाही, पक्कं बिल नाही आणि दुरुस्तीवर मोठा खर्च करण्याची छातीही नाही. उद्या पाडायची नोटीस आली तर, ही भीती मालकाच्या मनात कायम असते. पाहुण्याच्या खोलीतल्या उडालेल्या प्लास्टरचं मूळ त्या भीतीपर्यंत पोचतं.

जेवणाचं मात्र कोणतंही सरकारी कारण नाही, आणि म्हणून त्याचा राग जास्त येतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात ताटात गोठवलेला मासा आला तर तो समजण्यासारखा आहे. डिसेंबरात, बंदरापासून काही किलोमीटरवर, बर्फातली सुरमई कशासाठी? बांगडा, मांदेली, बोंबील ताजे मिळत असताना पाहुण्याला सुरमई-पापलेटच लागतं, असं स्वयंपाकघराने ठरवून टाकलेलं असतं. शाकाहारी माणसाला पनीर बटर मसाला. कुळथाचं पिठलं, केळफुलाची भाजी, फणसाची कुयरी, घावणे, ओल्या काजूची उसळ हंगामाप्रमाणे शेजारच्या घरात शिजत असतात, पण ती मेनूकार्डावर चढत नाहीत. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, आणि रिसॉर्टच्या सोलकढीत कोकमाऐवजी गुलाबी रंगाचं सरबत ओतलेलं असतं.

याच किनाऱ्यावर, बाणकोटच्या खाडीपलीकडे, मंडणगड तालुक्यात वेळास आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने तिथे २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. २००६ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासव महोत्सव भरू लागला. मादी एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात आणि सकाळ-संध्याकाळ ती समुद्रात सोडली जातात. पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच राहतात. खाली अंथरलेल्या गाद्या, एका खोलीत अनेक जण, स्वच्छतागृह परसात, जेवायला भात-आमटी, भाजी-पोळी, कधी मोदक. एसी नाही. समुद्र घरातून दिसत नाही, चालत जावं लागतं. आणि पिल्लं त्या दिवशी निघतीलच याची हमी कोणीही देत नाही. पिल्लं पाहायला न मिळता परतलेले लोकही पुढच्या वर्षी पुन्हा येतात. त्यांना काय मिळणार आणि काय मिळणार नाही, ते आधी सांगितलेलं असतं, आणि जे सांगितलं तेवढं मिळतं. पैसाही ज्याच्या ओसरीवर पाहुणा निजला त्याच्याच हातात पडतो.

वेळासचा कित्ता प्रत्येक गावाने गिरवावा, असं म्हणणं सोपं आणि चुकीचं ठरेल. गुडघे दुखणाऱ्या आजींना जमिनीवरची गादी चालत नाही, लहान मुलांच्या आयांना खोलीतच स्वच्छतागृह हवं असतं. त्यासाठी चांगली रिसॉर्टं हवीतच. मुद्दा खोली साधी की महागडी हा नाही. साडेपाच हजारांत जे मिळणार आहे, ते फोनवर खरं सांगितलं जातं का, हा आहे. शनिवारी वीज जाते, एसी जनरेटरवर चालत नाही, समुद्र खोलीतून दिसत नाही पण पाच मिनिटांवर आहे, पाणी थोडं मचूळ आहे, असं सांगणाऱ्या मालकाची खोली रिकामी राहील ही भीती अनाठायी आहे. कोकणात येणारा माणूस गैरसोय सोसायला तयार असतो. फसवणूक मात्र त्याला सलते.

पुण्याच्या त्या कुटुंबाने तक्रार केली नाही. ती करता आली असती. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेतल्या त्रुटीची तक्रार आता स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे करता येते, त्यासाठी श्रीवर्धनला किंवा अलिबागला खेपा घालाव्या लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. या सगळ्याला एक कागद लागतो, तो म्हणजे पक्कं बिल. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के जीएसटी आहे. तो घेतला असेल, तर नोंदणी क्रमांकासह छापील बिल मागण्याचा हक्क आहे.

म्हणून दिवाळीनंतर किनाऱ्यावर जाणाऱ्या वाचकांना एक विनंती. आगाऊ रक्कम पाठवण्याआधी, जी खोली मिळणार आहे तिच्याच गॅलरीतून त्या दिवशी काढलेला फोटो मागवून घ्या. अंघोळीचं पाणी कुठून येतं, वीज गेल्यावर काय चालतं, जेवण कोण करतं आणि जागा मालक चालवतो की दुसरा कोणी, हे विचारा. जमलं तर शनिवार सोडून मंगळवारी जा. आणि परतताना वहीतल्या कागदावरचं बिल स्वीकारू नका.